बाह्य पदार्थ : निरंक

परखी बाहेर काढून तळहातावर पालथी केली, तर ज्वारीबरोबर कडुलिंबाचं एक वाळकं पान आलं.

परखी म्हणजे टोकदार, पोकळ लोखंडी नळी. पोतं न उघडता ती कडेने खुपसायची, म्हणजे आतल्या धान्याचा नमुना हातात येतो. सरकारी गोदामात गुणवत्ता निरीक्षक म्हणून एकोणतीस वर्षं मी हेच करते आहे. धान्यात खडे निघतात, सोंडे निघतात, एकदा कुणाच्या तरी पैंजणाची घुंगरं निघाली होती. तेव्हा एका पानाचं काय एवढं, असं मलाही क्षणभर वाटलं. मी शेजारच्या पोत्यात परखी घातली. पुन्हा पान. तिसऱ्यात काही नाही. चौथ्यात दोन पानं आणि एक काडी.

मी तिथेच एका पोत्यावर बसले. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. हे अकरा महिने बिनघोर जातील अशी माझी फार साधी अपेक्षा होती.

दिवस मंगळवारचा. शुक्रवारी ट्रक निघायचे होते.

ही ज्वारी आपल्याकडच्या रेशनची नव्हती. आफ्रिकेतल्या एका देशात आधी पाऊस गेला, मग लढाई पेटली, आणि गावंच्या गावं उठून सरहद्दीवरच्या छावण्यांत येऊन बसली. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की लोक त्या लढाईत खरं कोण, खोटं कोण यावर बोलत बसतात आणि पोती बाजूला राहतात. तर तिथली माणसंही आपल्यासारखीच ज्वारी खातात. आपल्या सरकारने मदत म्हणून ज्वारी द्यायचं ठरवलं. माजलगावच्या बाजूला आमच्या गोदामात खरेदीची ज्वारी पडून होती, म्हणून हा मान आमच्याकडे आला. 'मान' हा शब्द आमचे व्यवस्थापक जाधव साहेब यांचा. मी त्याला काम म्हणते.

काम असं होतं. जुन्या बारदानातली ज्वारी काढायची, चाळायची, नव्या छापील पोत्यांत भरायची आणि सुतळीने तोंड शिवायचं. अशी तीन हजार पोती. प्रत्येकावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'भारताच्या जनतेकडून भेट' असं छापलेलं. मग ट्रक, मग बंदर, मग जहाज. पण त्याआधी एक दाखला लागतो. त्याला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट म्हणतात. माणसाला पासपोर्ट, तसा धान्याला हा दाखला. या मालात कीड नाही, माती नाही, तणाचं बी नाही, दुसऱ्या झाडाचा पालापाचोळा नाही, असं आपल्या देशाने त्या देशाला लिहून द्यायचं. पाल्यावरून रोग आणि किडी दुसऱ्या मुलखात जातात, म्हणून पाला दिसला की तिथलं बंदर माल अडवतं. देश उपाशी असला तरी अडवतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका देशात पूर आला होता, तेव्हा आपल्याकडून तांदूळ गेला होता. तपासणाऱ्यांत मीही होते. काही पोत्यांत तणाचं बी सापडलं. तेव्हाचे साहेब म्हणाले, एवढ्यातेवढ्याला कोण बघतंय? मी सही केली. तिथल्या बंदरावर बघितलं. काही महिन्यांनी आमच्याकडे दोन ओळींचं पत्र आलं आणि त्यातली दुसरी ओळ होती, 'सदर माल नष्ट करण्यात आला.' ज्यांच्यासाठी तो तांदूळ होता, त्यांचं पुढे काय झालं हे पत्रात नव्हतं. त्या सहीची मला आजही लाज वाटते.

पानं रुमालात बांधून मी जाधव साहेबांना शोधत बाहेर आले. ते आवारात मंडपवाल्याशी बोलत होते. शुक्रवारी ट्रकना झेंडा दाखवायला वरचे पाहुणे येणार होते, त्यासाठी सिमेंटच्या ओट्यावर मंडप घातला होता. सतरंजी, सोफा, चार उभे मोठे पंखे.

"सर, पोत्यांत कडुलिंबाचा पाला आहे."

"किती पोत्यांत?"

"दहा बघितली. पाचांत निघाला."

त्यांनी रुमालात डोकावून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "मॅडम, लिंब आहे. विष थोडंच आहे? औषधी असतोय उलट."

"दाखला मिळणार नाही."

"तपासणारा अधिकारी शुक्रवारी सकाळी येणार. तुम्ही त्याला चांगल्या थप्पीतून नमुना काढून द्या." थप्पी म्हणजे पोत्यांची रचलेली रास.

"आणि तिकडच्या बंदरावर चांगली थप्पी कोण दाखवणार?"

"तिकडचं तिकडं बघतील. जहाज रविवारी सुटतंय. हे हुकलं तर पुढचं महिन्याने. तेवढे दिवस ती माणसं काय खातील, सांगा."

हा प्रश्न मात्र खोटा नव्हता, म्हणूनच मला थकल्यासारखं झालं. चुकीच्या सल्ल्याला खरं कारण असलं की त्याच्याशी भांडताना जीव मेटाकुटीला येतो. मी एवढंच म्हणाले, "गुरुवार संध्याकाळपर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर मी सही करणार नाही, तुम्ही करा." सही करा म्हटल्यावर साहेब पुन्हा मंडपवाल्याकडे वळले.

पाला आला कुठून, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. गोदामाच्या दारातच कडुलिंबाचं मोठं झाड आहे. आठवडाभर मी रोज त्याच्या खालून जात होते. आता नीट पाहिलं, तर माणसाचा हात पोचेल तिथवर एकाही फांदीला पान नव्हतं. वर झाड हिरवंगार, खाली नुसत्या काड्या. आणि त्याच झाडाखाली पोती शिवणाऱ्या पंधरा बायका बसल्या होत्या.

त्यांची मुकादम कौसाबाई. वय साठीच्या आसपास, बोलणं तोडून टाकणारं. आमच्या गोदामात ती माझ्याइतकीच जुनी आहे. तिच्या हातात पोती शिवायची मोठी सुई, म्हणजे दाभण, होती.

"कौसाबाई, पोत्यात पाला कुणी घातला?"

"आमीच की." दाभण न थांबवता तिने सांगितलं. "वाळवून घातलाय. वला न्हाई घातला."

"कावून घातला पण?" माझ्याही तोंडून तिच्याच बोलीतला शब्द गेला.

"कावून म्हंजे? तुमी धुरी दिली न्हाई मालाला. बिगर औषधाची जवारी समुद्रातून चाललीय, लई लांब. दमट हवा. महिन्याभरात सोंडे पडत्याल. तिकडं लेकरं उपाशी बसल्यात आन् आपण किडकी जवारी धाडायची?"

धुरी म्हणजे कीड मारण्यासाठी मालाला द्यायचा औषधी गॅस. दरवेळी ती गोदामातच देतात. या वेळी ती बंदरावर, कंटेनरमध्ये द्यायची होती. हे मला माहीत होतं, जाधव साहेबांना माहीत होतं, बायकांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

"अहो, पण पहिल्या दिवशी मी सूचना वाचून दाखवली होती. पोत्यात बाह्य पदार्थ जाता कामा नयेत म्हणून."

"व्हय, ध्यानात हाय. आमी आमच्यातल्या शकूला इचारलं, बाह्य म्हंजे काय गं? ती धाव्वी शिकल्याली. ती म्हनली, बाहीरचं. मंग आमी बाहीरचं कायबी जाऊ दिलं न्हाई. चपला सुदिक गेटापाशी काढायलोत." तिने दाभणानेच झाडाकडे दाखवलं. "लिंब तर कंपाउंडातला हाय. त्यो बाहीरचा कसा?"

मूळ इंग्रजी कागदात 'फॉरेन मॅटर' होतं. कुणीतरी त्याचं सरकारी मराठी केलं, मी ते घडाघडा वाचलं आणि केबिनमध्ये जाऊन बसले. बायकांनी मात्र त्यातला शब्द न् शब्द पाळला. वाईट याचं वाटलं, की मी याच जिल्ह्यातल्या घाटनांदूरची. आमची आई दर साली कणगीत ज्वारी भरताना कडुलिंबाचा पाला घालायची आणि ती ज्वारी खाऊनच आम्ही भावंडं मोठी झालो. बायका काय करतील हे मला न सांगता कळायला हवं होतं.

"सगळ्या पोत्यांत घातलाय?"

"न्हाई. दोन दिसच पुरला. हाताला यील तेवढा संपला. शकू वर चढायलती, मी म्हनलं, पडून मरशील."

दोन दिवसांची म्हणजे सातशेच्या आसपास पोती. मला जरा धीर आला. पहिल्या दोन दिवसांची पोती पहिल्या थप्पीत असणार, तेवढी उघडली की झालं. मी हमालांचा म्होरक्या रज्जाक याला बोलावलं, तर त्याने कानांवर हात ठेवले.

"म्याडम, छत टपकत होतं ना परवा. सगळं इकडचं तिकडं केलंय आमी. आता कोनतं पोतं कोनत्या थप्पीत, अल्लाला म्हाईत."

तीन हजार पोती अडीच दिवसांत उघडून, साफ करून, पुन्हा शिवणं शक्यच नव्हतं. जाधव साहेब बरोबर ठरणार आणि ती सही कुणीतरी करणार, असं दिसू लागलं. आपण आजारी पडून रजा टाकावी, असाही विचार आला. खोटं कशाला सांगू?

"उघडायला कशाला पायजेत?" कौसाबाई म्हणाली. "कान बघा की."

पोतं शिवल्यावर तोंडाच्या दोन्ही टोकांना जे शेंडे राहतात, त्यांना कान म्हणतात. पोतं उचलताना तेच धरायचे.

"पाल्याच्या पोत्याला डाव्या कानावर दोन गाठी हायत. बिगर पाल्याच्याला एक."

"मुद्दाम मारल्या?"

"मंग? आपल्या घरी न्हाई का? एक गाठीचं आधी खायचं. दोन गाठीचं टिकतंय, ते मागं ठिवायचं. तिकडच्या बायांना कळावं म्हून मारल्या."

तिकडच्या बायांना कळावं म्हणून! समुद्रापलीकडच्या छावणीत एक बाई पोतं समोर घेऊन बसेल, कान बघेल आणि तिला कळेल, की हे आत्ता नको, हे पुढच्यासाठी आहे. कौसाबाईला यात कसलीच शंका नव्हती. मला तिचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. दोन्ही आवरून मी रज्जाकला कामाला लावलं.

थप्प्या फुटल्या. हमाल एकेक पोतं खाली घेऊन कान चाचपायचे. दोन गाठींची डावीकडे, एक गाठीची उजवीकडे. रज्जाकचा आवाज दिवसभर गोदामात घुमत होता. "आरं ती एक हाय बे! डोळे हायेत का गुंड्या?" मी पाठोपाठ परखी घेऊन फिरत होते. एक गाठीच्या दीडएकशे पोत्यांत परखी घातली, एकातही पान निघालं नाही. मग मी तपासणं सोडून दिलं. माझ्या नोकरीत कुठल्या रजिस्टरवर एवढा भरवसा ठेवलेला मला आठवत नाही.

पुढचा प्रश्न पाला काढण्याचा. आमचं चाळणी-यंत्र महिन्यापासून बंद होतं, मोटर जळली होती. हाताने चाळलं तर काड्या वर राहतात, पण वाळक्या पानाचा चुरा दाण्याबरोबर खाली पडतो. तो उडवायला वारा लागतो, आणि त्या आठवड्यात वाऱ्याचा पत्ता नव्हता. गोदामात तर श्वास कोंडत होता. मी दारात उभी राहून विचार करत होते आणि समोर मंडप होता. सिमेंटचा स्वच्छ ओटा, वर सावली, चार उभे पंखे.

अर्ध्या तासाने जाधव साहेब आले. पंख्यांपुढे बायका ओळीने उभ्या होत्या, सुपातून ज्वारी खाली सोडत होत्या आणि पाल्याचा चुरा मंडपाबाहेर उडत होता.

"मॅडम! सतरंजी कुठाय?"

"गुंडाळून ठेवली, सर."

"आणि सोफा?"

"सोफ्यावर चाळण्या आहेत."

त्यांनी सोफ्यावरची एक चाळणी उचलली, परत ठेवली. मग म्हणाले, "शुक्रवारी सकाळी मला इथं एक दाणा दिसता कामा नये," आणि निघून गेले. पण तासाभराने त्यांनी बायकांसाठी चहा पाठवला, हेही लिहायला हवं.

बुधवारी एकादशी होती. निम्म्या बायका नारायणगडाला दर्शनाला जाणार म्हणून आधीच सांगून बसल्या होत्या. कौसाबाईने सगळ्यांच्या जाण्यात मोडता घातला. "औंदा एकादशी हितंच." सगळ्या उपवासाच्या अंगाने दिवसभर दुसऱ्याच्या भाकरीची ज्वारी पाखडत होत्या. आमच्या घरी एकादशी पाळत नाहीत. दुपारी मी डबा केबिनमध्ये दार लोटून खाल्ला.

गुरुवारी उन्हं कलताना शेवटची साठ-सत्तर पोती शिवायची राहिली. माझे पाय भरून आले होते, डोळ्यांत भुसा गेला होता. मी कौसाबाईशेजारी टेकले. पाखडलेली ज्वारी जास्त टिकते म्हणून बायका या पोत्यांना पुन्हा दोनच गाठी मारत होत्या. ती पोत्याचा कान वळत होती आणि मध्येच थांबली.

"म्याडम, तिकडं एक पोतं एका घराला किती दिस जातंय?"

"एका घराला कुठलं? दोन-तीन घरांत मिळून देतात. पंधरा दिवस गेलं तरी पुष्कळ."

तिने हातातल्या सुतळीकडे पाहिलं. मग मान वळवून बायकांना म्हणाली, "एकच मारा गं गाठ. ठिवायला काय ऱ्हात न्हाई त्यांच्याकडं."

तेवढ्या पोत्यांना एकेकच गाठ बसली.

शुक्रवारी दाखला देणारे अधिकारी मुंबईहून आले. मितभाषी गृहस्थ. त्यांनी स्वतःच्या परखीने नमुने घेतले, भिंगातून बघितले, मग विचारलं, "ही पोती पुन्हा शिवलेली दिसतात. का?" मी सगळं सांगितलं. जाधव साहेब मागे उभे राहून खोकत होते. अधिकाऱ्यांनी आणखी चाळीस पोती काढायला लावली. हे चालू असतानाच नऊ वाजता पाहुणे आले. त्यांना अकराला दुसरीकडे जायचं होतं, थांबता येत नव्हतं. म्हणून मग दोन रिकाम्या ट्रकना झेंडा दाखवला. भाषणात पाहुण्यांना तीनदा शिंक आली, कारण पंखे लावताच सोफ्यातला भुसा उडाला. ट्रक टाळ्यांच्या गजरात निघाले, मोंढ्याला, म्हणजे धान्यबाजाराला, वळसा घालून परत आले आणि मागच्या दाराला लागले. तीन वाजता दाखल्यावर सही झाली. खरोखरचे भरलेले ट्रक संध्याकाळी गेले, तेव्हा दारात मी, रज्जाक आणि बायका एवढेच होतो. टाळ्या वाजवायची ताकद कुणात नव्हती.

पोती पुन्हा का उघडली, याचा लेखी खुलासा वरून मागितला गेला. जाधव साहेबांनी मसुदा तयारच ठेवला होता, 'शिवणकाम करणाऱ्या गटाचा निष्काळजीपणा, सबब या गटास पुढे काम देऊ नये.' मी तो बाजूला ठेवला आणि लिहिलं, 'सूचना समजेल अशा भाषेत दिली गेली नाही. जबाबदारी माझी.' मला लेखी समज मिळाली. सेवापुस्तकातला तेवढा एकच डाग.

"शेवटच्या वर्षी कशाला ओढवून घेतलं, मॅडम?" साहेब म्हणाले.

"शेवटच्या वर्षीच परवडतं, सर."

काही आठवड्यांनी त्याच देशासाठी पुन्हा ज्वारी भरायचं काम आलं. या वेळची सूचना मी स्वतः लिहिली. 'पोत्यात ज्वारी सोडून काहीही घालायचं नाही. पाला नाही, राख नाही, हळद-कुंकू नाही. धुरी बंदरावर देणार आहेत.' सगळी मिळून तीन वाक्यं. आधीचं पत्रक दोन पानांचं होतं. धुरीची ओळ ऐकल्यावर कौसाबाईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी कागदाची घडी घालून टाकली.

त्याच दिवशी ईमेल आला होता. पहिला माल पोचला, तपासला, उतरवून घेतला. अहवालात एक रकाना होता, बाह्य पदार्थ, आणि त्यापुढे लिहिलं होतं, निरंक. सोबत दोन फोटो होते. छापील अक्षरं नीट दिसत होती तो फोटो जाधव साहेबांनी फ्रेम करायला दिला. दुसऱ्यात एक बाई जमिनीवर बसली होती, पोतं तिच्या गुडघ्यांत होतं आणि कडेला एक टोपलं. मी तो फोनवर घेतला आणि झाडाखाली जाऊन कौसाबाईला दाखवला.

तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. बाईचा चेहरा बाजूला सरकवला आणि पोत्याच्या तोंडाशी आली.

"गाठ तशीच हाय," ती म्हणाली. "खालून सुरीनं चिरलंय."

मी बघितलं. खरंच, कान जसाच्या तसा होता, गाठही. शिवणीच्या बोटभर खालून पोतं आडवं फाडलेलं होतं.

"त्यांना आपली शिवण उसवायची माहीत नसेल," मी म्हणाले.

"माहीत आसलं तरी काय?" तिने फोन माझ्या हातात दिला. "गाठ सोडायला सवड लागती, म्याडम."

तिने दाभणात सुतळी ओवली आणि पुढचं पोतं ओढलं. मी फोन पर्समध्ये टाकला आणि परखी घेतली.